पाळणा आणि गल्ला : नवपितृत्व, पैशाची ओढाताण आणि छोट्या धंद्याची उमेद

पहिल्या अपत्याचा जन्म आणि स्वतःच्या धंद्याची सुरुवात या दोन गोष्टी पुष्कळ पुरुषांच्या आयुष्यात पंचविशी ते पस्तिशीच्या दरम्यान, म्हणजे एकमेकींना अगदी खेटून येतात. त्यांच्याविषयीचे लेखन मात्र दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेले असते. उद्योजकतेवरची पुस्तके आणि प्रशिक्षणवर्ग ज्या तरुणाशी बोलतात त्याला जणू घरच नसते, आणि बालसंगोपनावरची पुस्तके ज्या घराशी बोलतात त्या घरात बाप असलाच तर तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार आणणारा असतो. ज्याच्या घरी पाळणा हलतो आहे आणि ज्याच्या गल्ल्यात संध्याकाळी किती जमेल याची शाश्वती नाही, तो माणूस या दोन कपाटांच्या मधल्या फटीत राहून जातो.

प्रस्तुत आढाव्यात या माणसाविषयी रूढी, कायदा, पतपुरवठा आणि संशोधन यांतून काय हाती लागते ते पाहिले आहे. सर्वसाधारण समज असा की त्याची अडचण वेळेची आहे, आणि त्याने पहाटे लवकर उठून दिवसाची नीट आखणी केली तर सगळे जमून जाईल. हा समज अपुरा आहे. नवा धंदा पहिली काही वर्षे ज्या भांडवलावर चालतो त्यातला मोठा हिस्सा वहीत कुठेच लिहिलेला नसतो : पत्नीची मदत, ती नोकरी करीत असल्यास तिचा पगार, तिचे दागिने, मालासाठी मोकळी करून दिलेली घरातली पुढची खोली, वडिलांचे निवृत्तिवेतन, आणि मालकाने स्वतःसाठी कधीच न उचललेला पगार. मूल जन्माला येते तेव्हा नेमके हेच भांडवल एकदम मागे घेतले जाते. पत्नीचे श्रम बाळाकडे वळतात, तिची मिळकत काही काळ थांबते किंवा घटते, दागिने रुग्णालयाच्या बिलासाठी आठवू लागतात, खोली परत हवी असते, आणि आजवर पगार न घेणाऱ्या मालकाला घरखर्चासाठी गल्ल्यात हात घालावाच लागतो. वेळेची टंचाई ही या माघारीची केवळ वरून दिसणारी बाजू आहे.

महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासात या न नोंदवलेल्या भांडवलाचे सर्वांत बोलके उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके यांचे आहे, जरी त्यांची कहाणी सहसा चित्रपटसृष्टीच्या जन्माची म्हणून सांगितली जाते. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असताना प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी मुद्रणाचा व्यवसाय मांडला आणि भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला. चित्रपटाचा ध्यास घेतला तेव्हा दुसऱ्या संसारात मुले लहान होती. १९१२ साली इंग्लंडला जाऊन यंत्रसामग्री आणण्यासाठी त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि पुढच्या खर्चासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत झळकलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाची भूमिका त्यांच्या मुलाने, भालचंद्राने केली, सरस्वतीबाई सगळ्या मंडळीचा स्वयंपाक करीत आणि फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही करीत. येथे घर आणि कारखाना यांत भिंतच नव्हती. धंदा चालला म्हणून या व्यवस्थेला त्याग म्हणण्याची रीत पडली. तो बुडाला असता तर विम्याविना उरलेल्या कुटुंबाविषयी याच समाजाने कोणता शब्द वापरला असता, हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना ते सायकली विकत घेऊन बेळगावला बंधू रामूअण्णांकडे पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकून गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. म्हणजे पगार चालू असताना धंद्याची चाचणी होत होती. ज्येष्ठ पुत्र शंतनुराव १९०३ साली जन्मले. तो काळ लोखंडी नांगराच्या खटपटीचा होता, आणि लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्यांमुळे त्या नांगराला लवकर गिऱ्हाईक मिळत नव्हते. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानाच्या अधिपतींनी जमीन आणि पैसा पुरवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे फाळक्यांच्या आणि किर्लोस्करांच्या जिद्दीत फरक शोधण्यापेक्षा तो जोखीम कुठे साठवली होती यात शोधणे अधिक फलदायी आहे : एका घरात ती विमा आणि दागिन्यांत साठली होती, दुसऱ्या घरात ती पगार, भाऊ आणि संस्थानिक यांच्यात वाटली गेली होती.

पगार सोडण्यापूर्वी धंदा सुरू करण्याच्या या पद्धतीला आजच्या व्यवस्थापनशास्त्रात संमिश्र उद्योजकता म्हणतात. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, नोकरी सांभाळून सुरुवात करून मग पूर्णवेळ धंद्यात उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट उडी घेतलेल्यांच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळली. अर्थात नव्या बापाला हा मार्ग सुचवताना एक गोष्ट विसरली जाते : नोकरी आणि धंदा या दोन पाळ्या झाल्यावर तिसरी पाळी, म्हणजे बाळाची, आपोआप दुसऱ्या कोणावर तरी पडते. अभ्यास टिकलेल्या धंद्यांची मोजदाद करतो. ती पाळी कोणी केली याची करीत नाही.

ती कोण करते याचे उत्तर मराठी समाजात रूढीने देऊन ठेवले आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या चालीकडे बहुधा मायेची बाब म्हणून पाहिले जाते, आणि ती तशी आहेही; परंतु अर्थव्यवहार म्हणून पाहिल्यास ती मुलीच्या आईवडिलांनी जावयाच्या संसाराला दिलेली मोठी बिनव्याजी मदत ठरते. डिंक-अळिवाचे लाडू, मालिशवाली, शेक-शेगडी, रात्रीची जागरणे आणि अनेकदा प्रसूतीचा दवाखान्याचा खर्चही त्या घरावर पडतो, तर जावई त्या महिन्यांत दुकान पूर्णवेळ चालवू शकतो. या मदतीची किंमत दुसऱ्या बाजूने चुकवली जाते. बाळाला न्हाऊ घालणे, ढेकर काढणे, रडण्यातला फरक ओळखणे हे आई सव्वा महिन्यात, आपल्या आईच्या देखरेखीखाली शिकते. बाप त्या काळात रविवारी येणारा पाहुणा असतो. तिसऱ्या महिन्याच्या आसपास मायलेकरे घरी येतात तेव्हा एक जण सराईत आणि दुसरा पूर्ण नवखा असतो, आणि ‘तुला नाही जमायचे’ हे वाक्य मग पुढची कित्येक वर्षे दोघांच्याही सोयीचे होऊन बसते. विभक्त कुटुंबे, दुरावलेली माहेरे आणि स्वतः नोकरी करणाऱ्या आज्या यांमुळे शहरांत ही चाल आता विरळ होत असली, तरी तिच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था आलेली नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत या विभागणीचे आकडे सापडतात. दिवसभरात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. कुटुंबातील व्यक्तींची काळजी घेण्याच्या कामात २७.६ टक्के स्त्रिया आणि १४ टक्के पुरुष सहभागी होते, आणि त्यातही वेळ अनुक्रमे १३४ व ७६ मिनिटे होता. या आकड्यांतून पुरुषांच्या आळसाचा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु गल्ल्यावर स्वतः बसावे लागणाऱ्या दुकानदाराला बाळाला लस टोचून आणण्यासाठी अर्धा दिवस काढणे म्हणजे अर्ध्या दिवसाच्या विक्रीवर पाणी सोडणे असते, आणि ही किंमत पगारदाराला, निदान रजा शिल्लक असेपर्यंत, मोजावी लागत नाही.

रजेच्या कायद्यात तर या बापाचा पत्ताच नाही. मातृत्व लाभ अधिनियम १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा २६ आठवड्यांची झाली. पित्याला मिळणारी रजा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांपुरती १५ दिवसांची असून, दोनपेक्षा कमी अपत्ये असलेल्या पुरुषाला ती प्रसूतीच्या आधी किंवा नंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. खासगी क्षेत्रात ती मालकाच्या मर्जीवर आहे. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक आणले होते आणि त्यात असंघटित क्षेत्राचाही विचार होता, पण त्याचा कायदा झाला नाही. तो झाला असता तरी, ज्याचा मालक तो स्वतःच आहे त्याला रजेचा पगार कोणी द्यायचा हा पेच उरलाच असता.

पैशाची चणचण मनावर काय परिणाम करते याविषयीचे संशोधन या विषयाला जवळचे आहे. जेम्स पॉलसन आणि शारनेल बेझमोर यांनी २०१० मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून असे दाखवले की पत्नीच्या गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या काळात सुमारे दहा टक्के पित्यांत नैराश्याची लक्षणे आढळतात, आणि त्यांचे प्रमाण प्रसूतीनंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सर्वाधिक असते. हे अभ्यास प्रामुख्याने इतरत्र झालेले असल्याने ते जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत; तरीही आपल्याकडे मायलेकरे माहेराहून परतण्याचा काळ साधारण तोच असतो, ही गोष्ट बालरोगतज्ज्ञांनी आणि घरच्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. दुसरा अभ्यास तामिळनाडूतील ऊस उत्पादकांचा. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडले की तोच शेतकरी तोडणीपूर्वी, हातात पैसा नसताना, बुद्धीच्या चाचण्यांत जितका चाचपडतो तितका तोडणीनंतर चाचपडत नाही. चणचणीचा विचार डोक्यातली जागा व्यापतो आणि बाकीच्या निर्णयांना कमी जागा उरते, असा त्याचा अर्थ. रात्री तीनदा उठणाऱ्या आणि सकाळी घाऊक व्यापाऱ्याला उत्तर देणाऱ्या माणसाचे चुकलेले निर्णय या प्रकाशात पाहिले तर त्याला ‘धंद्याची अक्कल नाही’ असा शिक्का मारण्याची घाई होणार नाही.

कर्जयोजनांकडे वळले की चित्र बदलते, कारण येथे पैसा आहे. तो कधी आणि कोणत्या अटींवर हाती येतो हा प्रश्न आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ असे कर्जाचे टप्पे आहेत. ‘तरुण’ कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २० लाखांचा टप्पा २०२४ मध्ये वाढवण्यात आला. हे विनातारण कर्ज आहे, अनुदान नव्हे, आणि हा फरक हप्ता सुरू होईपर्यंत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदान आहे, आणि प्रवर्ग व ठिकाणानुसार ते प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के असते. पण ही रक्कम तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू असल्याची खात्री पटल्यावरच कर्जात वळती होते. म्हणजे मूल अंगणवाडीच्या वयाचे होईपर्यंत ते अनुदान कागदावरच असते. राज्यात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, आणि अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ बँकेच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देते, तोही हप्ते वेळेवर भरणाऱ्याला, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून.

या सगळ्या योजनांच्या अर्जाला प्रकल्प अहवाल जोडावा लागतो. त्यात यंत्राची किंमत, कच्चा माल, वीज, मजुरी आणि अपेक्षित नफा असतो. मालकाच्या घरी पुढच्या चार महिन्यांत प्रसूती आहे, ही त्या कर्जाच्या परतफेडीवर कदाचित सर्वाधिक परिणाम करणारी गोष्ट लिहायला त्यात जागा नसते. हप्ता केव्हा सुरू व्हावा हा मुद्दा किरकोळ नाही. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी कोलकात्यात केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू केल्यावर कर्जदारांनी धंद्यात अधिक गुंतवणूक केली आणि पुढे त्यांचा नफा वाढला, थकबाकीही वाढली. बँकांना दुसरा निष्कर्ष खटकतो आणि तो खटकणे रास्त आहे. तरी सवलतीचा काळ यंत्र बसवण्याच्या तारखेशी जोडता येतो, तर तो जन्माच्या तारखेशी जोडता येणारच नाही असे मानण्याचे कारण दिसत नाही.

कर्जाची दुसरी वाट घरातूनच जाते. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ मध्ये सुरू झालेले ‘उमेद’ अभियान स्त्रियांच्या बचत गटांचे जाळे विणत आले आहे. गटातून पत्नीच्या नावावर निघालेले कर्ज पतीच्या दुकानात मालाच्या रूपाने उतरते, हे गावोगावी सर्वांना ठाऊक असते. भारत, श्रीलंका आणि घाना येथील पाहण्यांचा एकत्रित विचार करून २०१९ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की स्त्रियांच्या धंद्यात भांडवल घातल्यास परतावा दिसत नाही असे जे वाटत होते, त्याचे मोठे कारण ते भांडवल पतीच्या धंद्यात वळत होते. घरात स्त्रीचाच एकटा धंदा असेल तेथे परतावा चांगला होता. नव्या बापाच्या संदर्भात याचा अर्थ गंभीर आहे. बाळंतपणाच्या महिन्यांतही गटाचा हप्ता तिच्या नावावर चालू असतो, आणि तो चुकला तर बोल तिला बसतो. पतसंस्था, भिशी, सोनेतारण आणि शेवटी सावकार हा पुढचा उतार परिचित असल्याने त्यावर येथे थांबण्याचे कारण नाही.

कर्जाइतकाच उधारीचा प्रश्न मोठा आहे आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. पुष्कळ छोटे धंदे तोट्यामुळे नव्हे तर येणे वसूल न झाल्यामुळे अडकतात. वहीत नफा दिसतो आणि दुधाचे बिल भरायला पैसे नसतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार तर मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीस धरता येत नाही. मात्र हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणारा दुकानदार उद्यम नोंदणी करू शकत असला तरी त्याला उशिरा मिळणाऱ्या पैशांविषयीचा हा लाभ नाही. शिवाय एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर चालणारा कारखानदार त्याच्याविरुद्ध तक्रार करायला धजत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत असावे.

धंदा बुडाला तर मुलाच्या ताटातले काय जाते, हा या विषयातला सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि सर्वांत उपयुक्त भाग आहे. बहुतेक छोटे धंदे एकल मालकीचे असतात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दुकान आणि दुकानदार एकच. दुकानाचे देणे घरापर्यंत पोहोचते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० जप्तीतून काही वस्तू वगळते : कर्जदाराचे व त्याच्या बायकोमुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने, आणि कारागिराची हत्यारे. एका वसाहतकालीन कायद्याने संसार आणि उपजीविका यांची इतकी नेमकी किमान व्याख्या करावी, हे विस्मयकारक आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतील रक्कमही न्यायालयीन जप्तीपासून सुरक्षित असते.

याहून महत्त्वाची तरतूद १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या अधिनियमात आहे, जी १९२३ च्या दुरुस्तीने हिंदूंनाही खुली झाली. या कायद्याच्या कलम ६ खाली पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर पत्नी आणि मुलांच्या लाभासाठी विमा उतरवला, तर ती पॉलिसी विश्वस्त निधी समजली जाते : ती त्याच्या मालमत्तेत धरली जात नाही आणि, धनकोंना, म्हणजे पैसे येणे असलेल्यांना, फसवण्याचा हेतू सिद्ध झाल्याखेरीज, त्यांना तिला हात लावता येत नाही. हा पर्याय पॉलिसी घेतानाच, प्रस्तावासोबत निवडावा लागतो. नंतर तो जोडता येत नाही. अशी पॉलिसी धंद्याच्या कर्जासाठी गहाण टाकता येत नसल्याने काही तरुण व्यापाऱ्यांना ती गैरसोयीची वाटते, पण तिचा उपयोग नेमका तोच आहे. मर्यादित दायित्व भागीदारी (२००८) आणि एक व्यक्ती कंपनी (२०१३) या रचनाही घर आणि धंदा वेगळे करतात. परंतु बँक मालकाची वैयक्तिक हमी मागते तेव्हा ती भिंत बऱ्याच अंशी पडते, आणि लेखापरीक्षणाचा खर्च तेवढा मागे उरतो.

राहिला प्रश्न रजेच्या पैशांचा. ज्यांना एक असा ठरावीक मालक नाही त्यांच्यासाठी सामाजिक सुरक्षेची रचना महाराष्ट्राने भारतात फार आधी करून दाखवली होती. १९६९ च्या माथाडी कायद्यात हमालाला काम देणारे अनेक व्यापारी मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतात, आणि त्या निधीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, पगारी रजा अशा गोष्टी दिल्या जातात. त्यासाठी लढलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या नावाचे महामंडळ आज स्वयंरोजगाराच्या कर्जावर व्याज परतावा देते. हमालाला मिळाली तशी रजा त्या कर्जावर दुकान काढणाऱ्या तरुणाला मिळत नाही, कारण लेव्ही भरणारा व्यापारी आता तो स्वतः आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांसाठी भरण्याची तरतूद आहे, आणि रिक्षाचालक वा घरपोच डबे पोचवणारा बाप तिच्या कक्षेत येऊ शकतो. किराणा दुकानदार, वेल्डिंगवाला, सुतार आणि छापखानेवाला मात्र येत नाहीत. त्यांच्या बाबतीत वर्गणी कोणाकडून घ्यायची, घाऊक व्यापाऱ्याकडून, कर्ज देणाऱ्या बँकेकडून, की वस्तू व सेवा कराच्या वसुलीतून, याची चर्चा अजून सुरूही झालेली नाही.